पांढऱ्याचं माप

३ फेब्रुवारी

आज घरात पाल आली. म्हणजे सूनबाईने आणलेलं रंग मोजायचं यंत्र. काळं, तळहाताएवढं, मागे वायरीचं लांब शेपूट. मॉनिटरच्या काचेवर टेकवलं की तिथंच चिकटून बसतं आणि पडद्यावरचे रंग मोजतं. "आई, याला कॅलिब्रेटर म्हणतात," असं तिनं दोनदा सांगितलं. म्हणोत बापडे. मी पालच म्हणणार.

खरं तर मला हे यंत्र कशाला हवं होतं? सगळी उमर छापखान्यात फोटोंचे रंग दुरुस्त करण्यात गेली. मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या बाईंनी पाहिलंय ना, मग झालं." आता छापखान्यानं तो विभागच बंद केला, म्हणून मी मागच्या खोलीत टेबल टाकून स्वतःचं काम सुरू केलं आहे. नवा मॉनिटर, नवी खुर्ची, आणि कागद तपासायचा माझा जुना दिवा. ह्यांनी दाराबाहेर पाटी लावायचं मनावर घेतलं होतं, ते मी मोडून काढलं. सेवानिवृत्त माणसाच्या हाती हातोडी दिली की भिंतीची धडगत नसते.

पण पोरगी कौतुकानं घेऊन आली. ती दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर दुधातलं पाणी शोधते. मोजल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नाही. मुलगा आठवडाभर कामाच्या गावी असतो, त्यामुळे मोजायला घरी आम्हीच दोघं सापडतो.

५ फेब्रुवारी

मॉनिटरचं माप घेतलं. आधी तो अर्धा तास नुसता तापवला, पडदे ओढले, पाल चिकटवली. मग पडद्यावर एकामागून एक रंगाचे चौकोन येऊ लागले, राखाडी, लाल, पुन्हा राखाडी. शेवटी आकडा आला. पांढऱ्याला आकडा असतो: आकडा लहान तर पांढरा पिवळ्याकडे झुकतो, मोठा तर निळ्याकडे. आपल्याला हवा साडेसहा हजार. सूनबाईने बटणं दाबून तो बरोबर तिथं आणला, संगणकात त्याचं प्रोफाइल जपून ठेवलं आणि म्हणाली, "आता हा खरा पांढरा."

खरा म्हणे! दिव्याखाली कोरा कागद धरला आणि पडद्याकडे पाहिलं, तर पडदा आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा पिवळट. तिला म्हटलं तर म्हणते, "मला तर दोन्ही सारखेच दिसतात. सवय होईल, आई."

ती कामावर गेल्यावर मी मॉनिटरच्या मागची बटणं दाबून लाल उतरवला, निळा चढवला, आणि कागदाशी जुळेपर्यंत चढवत गेले. यंत्राला बिचाऱ्याला काय कळतं? त्यानं कधी छापखान्याचं तोंड पाहिलंय?

९ फेब्रुवारी

भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वयानं आम्ही बरोबरीचे, त्यामुळे या घरात आल्यापासून आमची थट्टा चालूच आहे. ते चिनी मातीची भांडी करतात. भांडी म्हणजे वाडगे. लोक चाळीस रंग वापरतात, यांनी जन्मभर एकच धरला, तो म्हणजे पांढरा. कुणी विचारलं तर म्हणतात, "एक नीट जमला की दुसऱ्याकडे वळेन." आता त्या वाडग्यांचं पुस्तक निघतंय. एका पानावर एक वाडगा, आणि सगळे पांढरे. फोटो काढून झालेत. रंग माझ्याकडे. माझं घरचं पहिलंच काम आणि तेही घरच्याच माणसाचं.

मूळ वाडगे समोर हवेत, म्हणून ते खोकी घेऊन आले होते. जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक काढून टेबलावर मांडले. सायीसारखा, राखेसारखा, हाडासारखा, खडूसारखा. सर्वांत शेवटी एक छोटा वाडगा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला.

"वहिनी, सापडला."

"काय सापडलं?"

"पांढरा. इतकी वर्षं कुठंतरी पिवळी झाक राहायचीच. कपड्यांना नीळ देतात ना, तसा मी झिलईत निळ्याचा कण घालायचो. गेली काही वर्षं तो वाढवत वाढवत नेला, आणि हा बघा. हा निघाला आणि मी भट्टी बंद केली. आता गुडघेही ऐकत नाहीत. पुस्तक याच्यावर संपवायचं."

मी वाडगा उजेडात धरला. डाग नाही, झाक नाही, असा स्वच्छ पांढरा मी पाहिलेला नाही. भाऊजींच्या चेहऱ्यावर लग्न लागलेल्या मुलीच्या बापासारखं समाधान होतं. मला भरून आलं.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. वाडगा बघून म्हणाली, "अय्या, काका, हा निळा किती गोड आहे!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. भाऊजी म्हणाले, "दूध तपासणाऱ्यांना पांढरं कळत नाही, हे आज समजलं." ती बिचारी गोंधळून कप ठेवून गेली.

१४ फेब्रुवारी

काम जोरात आहे. फोटोवाल्यानं वाडगे चांगले टिपलेत, पण सगळेच जरा थंडगार. मी प्रत्येकात थोडी ऊब भरते आहे. शेवटच्या वाडग्यात तर पठ्ठ्यानं चक्क निळी झाक सोडली होती. ती पुसून काढली. हल्लीच्या पोरांना कॅमेरा येतो, डोळा येत नाही.

हल्लीच्या बल्बांनाही काय झालंय कोण जाणे. तपासणीच्या दिव्यातला बल्ब परवाच बदलला, तरी उजेड मिणमिणता. कपड्यांचा साबणही बदलायला हवा, चादरी धुऊन आल्या तरी जुनाटच दिसतात. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मोठमोठी वलयं असतात. हवेत धूळ फार झालीय. ह्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." या म्हणीचा इथं काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

१८ फेब्रुवारी

सूनबाईने सुट्टीचा मुहूर्त साधून पुन्हा पाल चिकटवली. दर पंधरवड्याला तपासायचं असतं म्हणे. आकडा आला साडेआठ हजार. तिचा चेहरा पडला. "इतका कसा सरकला? यंत्र बिघडलं असणार." पुन्हा मोजलं. तेच. मी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. कुंडीत पाणी मावेना तरी घालत होते.

तिनं सगळं पुन्हा साडेसहा हजारांवर आणलं. ती गेल्यावर मी पुन्हा माझ्या जागी नेऊन ठेवलं. तिचं समाधान झालं, माझं काम झालं. घर असंच चालतं.

२५ फेब्रुवारी

छापखान्यातून प्रूफ आलं! भाऊजींना बोलावून घेतलं. टेबलावर पानं पसरून प्रत्येकाशेजारी त्याचा वाडगा ठेवला. मी बघतेय, भाऊजी बघताहेत.

"हुबेहूब," भाऊजी म्हणाले.

"हुबेहूब," मी म्हटलं.

मागून सूनबाई वाकली. "आई, रागावू नका, पण पानं पिवळी आहेत. आणि शेवटचं तर वाडग्याशी जुळतच नाही."

आता एकीला दुसऱ्याची साक्ष होती. एक जन्मभर रंग तपासलेली, एक जन्मभर पांढऱ्याच्या मागे लागलेला. तिनं एकटीनं किती लढावं? भाऊजी म्हणाले, "सूनबाई, एवढ्या लहान वयात डोळे अधू? गाजरं खा." तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे शब्दकोड्यात डोकं घालून बसले होते. वादात पडायचं नसलं की त्यांना उभे शब्द अडतात.

पण मी फार समाधानात आहे. पहिलंच काम आणि मनासारखं उतरलं.

२७ फेब्रुवारी

छापखान्यातल्या माणसाचा फोन. तो माझ्याच हाताखाली शिकलेला, आता यंत्रावर मुख्य आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "बाई, एक विचारू? सगळे वाडगे लोण्यात बुडवून काढल्यासारखे ठेवायचेत का? तुम्ही म्हणाल तसं छापतो. पण मुद्दाम केलंय ना, एवढंच सांगा."

मी म्हटलं, सांगते.

फोन ठेवला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याला सूनबाईने शिकवलेलं नाही. त्याला मी शिकवलंय.

दुपारी हे बाहेर जाऊन आले ते हसतच. मी काढून ठेवलेल्या मोज्यांपैकी एक काळा होता आणि एक गडद निळा, आणि बँकेतल्या पोरीनं तो दाखवून दिला. मी दोन्ही मोजे खिडकीत धरून पाहिले. मला दोन्ही काळेच दिसले. ह्यांना विचारलं, "तुम्हाला खरंच फरक दिसतो?" त्यांनी हसणं थांबवलं.

१ मार्च

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाची असेल. म्हणाली, डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं होत जातं, आणि इतक्या सावकाश होतं की माणसाला कळतच नाही. म्हणजे इतके दिवस मी पिवळ्या काचेतून बघत होते आणि जग सुधारायला निघाले होते! बल्ब बदलला, साबण बदलला, फोटोवाल्याला शिव्या घातल्या. डोळ्यांत तेल घालून काम केलं म्हणतात, मी तर डबाच ओतला होता.

रस्ताभर लाज वाटली आणि भीतीही. डोळा गेला तर माझ्याकडे राहतं काय? घरी आल्यावर सूनबाईला बटणांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे यंत्र चांगलं आहे! मी ते परत करायला निघाले होते." मग एकदम जवळ येऊन बसली. पंधरवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. डावा नंतर.

१५ मार्च

काल उजव्या डोळ्याची पट्टी काढली.

काय लिहू? खोलीची भिंत पांढरी आहे. मला वाटायचं आपण बदामी रंग दिलाय. ह्यांचे केस करडे नाहीत, पार पांढरेशुभ्र आहेत. कधी झाले? डावा डोळा झाकला की भर दुपार, उजवा झाकला की ऊन कललेलं. दिवसभर हाच खेळ. हे म्हणाले, "डोळे मिचकावायचं हे वय आहे का?" मी आणखी एकदा मिचकावला. नंतर स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडले. आनंदानंच रडले, पण रडले.

२४ मार्च

पडद्यासमोर बसायची परवानगी मिळाली. सूनबाईने पाल चिकटवली, साडेसहा हजार आले, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. पडदा पांढरा होता. कागद पांढरा होता. दोघांत भांडण नव्हतं.

माझे जुने फोटो उघडले आणि हसूच फुटलं. लोणीच लोणी! सगळी दुरुस्ती फेकून दिली आणि फोटोवाल्याच्या मूळ फोटोंपासून पुन्हा सुरुवात केली. मनातल्या मनात त्याची माफीही मागितली. काय छान टिपलं होतं पोरानं. खडूच्या वाडग्यातला कोरडेपणा, राखेतली किंचित हिरवट झाक. मला ती दिसलीच नव्हती. भाऊजींचं काम किती बारीक होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळतंय.

मग शेवटचा वाडगा घेतला. मूळ वाडगा उजव्या डोळ्यासमोर धरला.

निळा आहे. झाक नव्हे, निळा. पहाटेच्या आभाळाचा असतो तसा. भाऊजींचाही डोळा माझ्यासारखाच झालाय. त्यांनाही पिवळं दिसत होतं, म्हणून नीळ वाढवत गेले, आणि सापडला म्हणून भट्टी बंद करून बसले.

२६ मार्च

झोप नीट नाही. त्या पानाचं काय करू? निळी झाक पुसून पांढरा छापता येतो, हातचा मळ आहे. भाऊजींना हवं ते मिळेल. पण मग ते पान खोटं. आणि निळाच ठेवला, तर उद्या कुणीतरी पुस्तक उघडून म्हणणार, हा कसला पांढरा?

सूनबाई म्हणाली, "आई, यंत्र म्हणतंय ते ठेवा."

"यंत्राला दीर नसतो," मी म्हटलं.

ह्यांना विचारलं. कोड्यातून मान वर न करता म्हणाले, "वाडगा कसा आहे?" "निळा." "मग पान कसं हवं?" सांगायला सोपं आहे. पण भाऊ त्यांचा आहे, त्यांच्याही पेन्सिलीचं टोक बराच वेळ एकाच चौकोनात अडकलं होतं.

निळाच ठेवला. प्रूफ मागवलं.

२ एप्रिल

भाऊजी नवं प्रूफ बघायला आले. मी जीव मुठीत धरून उभी. त्यांनी शेवटचं पान घेतलं, शेजारी वाडगा ठेवला, मान डावीउजवीकडे करून पाहिलं.

"हाच. वहिनी, हाच माझा पांढरा. मागच्या खेपेपेक्षाही चांगला उतरलाय."

मी गोंधळलेच. मग कळलं, यात नवल काय? पान वाडग्यासारखं आहे. त्यांना वाडगा पांढरा दिसतो, म्हणून पानही पांढरं दिसतं. मला दोन्ही निळे दिसतात. प्रत्येकाला आपापल्या डोळ्यातला वाडगा मिळतोय, माझ्याकडून त्यात काही मिसळलेलं नाही. माझं काम इथं संपलं होतं. आजच छापायला सांगितलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता.

पण समोर माणूस उभा होता. म्हटलं, "भाऊजी, माझ्या डॉक्टरणीकडे एकदा जाऊन या."

"कशाला? मला स्वच्छ दिसतंय."

"मलाही स्वच्छच दिसत होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वाडग्याकडे. वाडगा खिशातल्या रुमालात गुंडाळला आणि सोबत घेऊन गेले. एरवी चहा घेतल्याशिवाय हलत नाहीत.

१२ एप्रिल

छापखान्यातून दोनदा विचारणा झाली. थांबा म्हटलं. भाऊजींच्या डोळ्याचं परवा झालं, असं ह्यांच्याकडून कळलं. मला फोन नाही. मी केला तर "बरा आहे, बरा आहे" म्हणून ठेवून दिला. फार जिवाला लागलंय का? मी उगाच सुचवलं का? म्हातारपणी माणसाला एक समाधान मिळालं होतं, तेही मी शुद्धीच्या नादात काढून घेतलं. आज दिवसभर चिडचिड केली. सूनबाईने दोनदा पाठीवरून हात फिरवला, तिच्यावरही चिडले.

१९ एप्रिल

सकाळी अकराच्या सुमारास भाऊजी दारात. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात रुमालाचं गाठोडं. थेट मागच्या खोलीत आले, खिडकीचा पडदा सरकवला, वाडगा कट्ट्यावर ठेवला आणि चष्मा काढला. एक डोळा झाकला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. मी दारातच उभी. माझ्या मागे हे, त्यांच्या मागे सूनबाई, जणू परीक्षेचा निकाल लागायचा होता.

"हा निळा कुणी केला?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं.

त्यांनी वाडगा उचलला, फिरवला, तळ बघितला, काठावरून अंगठा फिरवला.

"चांगला केलाय हो," ते म्हणाले.

आणि हसायला लागले. मला खूप वेळ समजेना की हे हसणंच आहे. शेवटी हसता हसता बसकण मारली, डोळ्याला त्रास नको म्हणून हे त्यांच्यावर ओरडू लागले, आणि सूनबाई म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काका." "सांगितलं होतंस गं बाई, दोन आंधळ्यांनी ऐकलं नाही." हसणं ओसरल्यावर त्यांनी वाडगा मांडीवर घेतला. मला म्हणाले, "वहिनी, पहिले काही दिवस फार वाईट गेले. खोटं नाही बोलत. मग परवा सकाळी उठलो, हा खिडकीत होता, आणि वाटलं, हा मला मुद्दाम कधीच जमला नसता."

"मग पुस्तकात ठेवायचा?"

"ठेवायचा. पण शेवटचा नाही, त्याच्या पुढे एक पान कोरं सोडा."

"कोरं कशाला?"

"पांढरा राहिलाच की अजून," भाऊजी म्हणाले. "माती सांगून आलोय. गुडघ्यांचं बघू."

यावेळी चहा घेतला, आणि दुसऱ्यांदाही मागून घेतला.

ते गेल्यावर छापखान्यात फोन केला. म्हटलं, छापायला घ्या, फक्त शेवटी एक पान वाढलंय, कोरं. पोरगा हसला. "बाई, आता कोऱ्या पानाचंही प्रूफ पाठवू का?"

म्हटलं, पाठव. मला बघायचं आहे.